तिथीची पाऊणपट

२००४ सालची अनंत चतुर्दशी. गिरगाव चौपाटीवरची माझी पहिलीच ड्युटी. महापालिकेच्या विभाग कार्यालयात, परिरक्षण खात्यात दुय्यम अभियंता म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. रस्ते, पदपथ, गटारांची झाकणं, धोकादायक भिंती हे माझं रोजचं काम. त्या दिवशी माझ्याकडे होत्या लोखंडी प्लेटा. मूर्तींचे ट्रक वाळूत रुतू नयेत म्हणून रस्त्यापासून पाण्याच्या दिशेनं प्लेटेला प्लेट भिडवून वाट करतात. आठ फूट बाय चार फूट, बारा मिलिमीटर जाडीची एक प्लेट सुमारे २८० किलो भरते. आदल्या दोन दिवसांत मी आणि माझ्या कामगारांनी ती वाट अंथरली होती, आणि मला तिचा अभिमान वाटत होता.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला समुद्र खूप मागे सरला. माझी वाट जिथं संपत होती तिथून पाणी लांबच लांब राहिलं. मधे नुसती ओली, चमकणारी वाळू. एका मंडळाचा ट्रक आला. वर आठ-नऊ फुटांची मूर्ती. चालकानं मला विचारलं, "साहेब, पुढं घेऊ का?" ओली वाळू घट्ट दिसत होती. मी पुढं जाऊन पायानं दाबून पाहिली आणि म्हणालो, "घ्या." प्लेट सोडून वीस पावलं जात नाही तोच मागची चाकं रुतली. चालकानं जोर लावला तशी ती आणखी खाली गेली. साडेसहाला पाणी चाकांना लागलं. क्रेन रस्त्याकडे उभी होती, प्लेटांच्या पुढं यायला तिला वाट नव्हती. मंडळातली पोरं दोर बांधून ओढत होती. मूर्ती प्रत्येक हिसक्याला हलत होती आणि बघणाऱ्या शेकडो लोकांच्या तोंडून एकच हाय उमटत होती.

तेव्हा तराफ्यावरचा एक वयस्कर नाखवा माझ्याजवळ आला. खांद्यावर ओला टॉवेल, डोक्याला लाल टोपी. म्हणाला, "साहेब, गाडी ओढू नका. दर्याला येऊ द्या."

त्यानं पोरांना दोर सोडायला लावले. ट्रकचा मागचा फाळका उघडला, मूर्तीला चारी बाजूंनी दोरानं धरून ठेवलं, आणि आम्ही नुसते थांबलो. तासाभरात पाणी मांडीपर्यंत चढलं. त्या पाण्यावरून नाखव्यानं तराफा ढकलत आणला आणि फाळक्याला असा टेकवला, की जणू एखादा धक्काच बांधला असावा. मूर्ती उचलावी लागली नाही, सरकवावी लागली. तराफा मूर्ती घेऊन खोल पाण्याकडे निघाला. हलका झालेला ट्रक मग प्लेटांच्या टोकावर आणलेल्या क्रेननं बाहेर काढला. त्या क्षणी आरती म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. "घ्या" हा शब्द माझा होता.

रात्री उशिरा मी नाखव्याला शोधून काढलं आणि विचारलं, पाणी कधी येणार हे तुम्हाला कसं कळतं? त्यानं मला विचारलं, "आज तिथी कोणती?" म्हटलं, चतुर्दशी. "चौदाची पाऊणपट किती?" साडेदहा. "झालं तर. साडेदहाच्या आसपास पूर्ण भरती. सकाळी तीच, रात्री तीच. त्याच्या आधी सहा तास, नंतर सहा तास सुकती."

हा हिशेब कोकण किनाऱ्यावर सगळ्या मच्छीमारांना ठाऊक असतो. माझ्यासारख्या स्थापत्य अभियंत्याला तो नवा होता. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, त्याच्यामागून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. म्हणून प्रतिपदेपासून मोजलेल्या तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीचा तास हाती येतो. घड्याळाच्या काट्याला काटा लागत नाही, काही मिनिटांचा, कधी जास्तही, फरक पडतो, आणि बंदोबस्ताच्या कामाला भरती-ओहोटीचा छापील तक्ताच धरायचा. पण तक्ता कपाटात राहतो, पाऊणपट डोक्यात राहते.

ड्युटी संपवून घरी गेल्यावर मी कालनिर्णय उघडलं आणि गणेशोत्सव पहिल्यांदाच समुद्राच्या बाजूनं वाचला. दीड दिवसाचे गणपती पंचमीला निघतात. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे लोक संध्याकाळी येतात तेव्हा पाणी उतरणीला लागलेलं असतं आणि रात्र होईल तसं ते लांब जातं. पाच दिवसांचे जातात अष्टमीला. भरती सहाच्या सुमारास, पण अष्टमी म्हणजे भांग. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. घरगुती मूर्तींसाठी तो सगळ्यात सोयीचा दिवस. सात दिवसांचे दशमीला, भरती साडेसातच्या आसपास. आणि अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या उंबरठ्यावर. तेव्हा उधाण. भरती मोठी, ओहोटीही तेवढीच मोठी. संध्याकाळी पाचच्या सुमाराला समुद्र तळाला गेलेला, रात्री साडेदहा-अकराला कठड्याकडे आलेला, पहाटे पुन्हा दूर.

म्हणजे शहरातल्या सगळ्यात मोठ्या मूर्ती नेमक्या अशा दिवशी समुद्राकडे निघतात, ज्या दिवशी समुद्र सगळ्यात जास्त हलतो. याच्यात योगायोग काही नाही. सणाची तिथी चंद्रावरून ठरते आणि भरतीही चंद्रावरून. पंचांग आणि दर्या ही एकाच घरातली दोन माणसं आहेत. आम्ही मात्र मधे कार्यालयीन आदेश, पोलिसांचं वेळापत्रक आणि मंडळांच्या मिरवणुकीचा हट्ट आणून बसवतो, आणि तिसऱ्याच घड्याळावर काम करतो.

पुढच्या वर्षापासून मी प्लेटांचं नियोजन पाण्याकडून रस्त्याकडे करायला लागलो. ओहोटीच्या वेळी पाण्याची रेषा कुठं असेल ती आधी काठ्या रोवून घ्यायची. प्लेटांची वाट तिथपर्यंत न नेता सुक्या, धरून ठेवणाऱ्या वाळूवर संपवायची आणि तिच्या तोंडाशी पक्का अडसर ठेवायचा, म्हणजे कुणाला "पुढं घेऊ का" विचारायची संधीच नको. सहा तासांत पाणी सारख्या गतीनं चढत नाही, हेही नाखव्यानंच शिकवलं. पहिल्या तासात ते जेमतेम हालतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी भरती चढून येते, शेवटी पुन्हा मंदावतं. म्हणून तिसरा तास लागायच्या आत माणसं आणि पोरंबाळं दोरीच्या आत आलेली हवीत. मोठ्या मूर्तीचं गणित तर एका वाक्यात मावतं. ओहोटीला तराफ्यावर चढवायची, भरतीबरोबर न्यायची. तराफा वाळूला टेकलेला असला की मूर्ती त्याच्यावर न डगमगता बसते. मग पाणीच तराफा उचलतं. माणसानं फक्त दिशा द्यायची.

चौपाटीवरच्या त्या चोवीस-तीस तासांत माणूस काय काय शिकतो! जीवरक्षक पाण्याकडे बघत नाहीत, पाण्यातल्या माणसांच्या खांद्यांकडे बघतात. खांदे हेलकावले की तो माणूस उभा नाही, तरंगतोय. हरवले-सापडले कक्षात आलेल्या मुलाला नाव विचारायच्या आधी पाणी द्यायचं, कारण रडून घसा सुकलेला असतो. २०१३ साली दीड दिवसाच्या विसर्जनाला पाकटांनी बऱ्याच भक्तांच्या पायांना दंश केले. तेव्हापासून गरम पाण्याची सोय आमच्या यादीत कायमची आली, कारण पाकटाच्या विषावर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवणं हा पहिला उतारा. विसर्जनापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याची माणसं जाळं टाकून किनाऱ्यालगत काय काय आहे ते पाहतात. अनवाणी पाण्यात उतरू नका, असं आम्ही भोंग्यावरून सांगत राहतो. पण देवाला निरोप द्यायला चपला घालून कोण जातं? म्हणून मूर्ती नेण्याचं काम जीवरक्षकांकडे आणि कोळी बांधवांकडे सोपवा, असं विनवायला लागायचं. हळूहळू लोक ऐकू लागले.

आणि त्या सगळ्या गर्दीत टिळकांचा पुतळा. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक मुंबईत, सरदारगृहात गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, त्या गिरगावातून ती लहानशी मूर्ती पालखीतून येते. वाजतगाजत येणारी भव्य मूर्ती आणि ती पालखी, दोन्हींना समुद्र सारखंच घेतो. मी दोन्हींसमोर हात जोडले आहेत. पण पालखी आली की आमचा जुना मुकादम बिडी विझवून उभा राहायचा, ते मला आजही आठवतं.

लोकांचा उत्सव चतुर्दशीच्या रात्री संपतो. आमचं सगळ्यात जड काम पौर्णिमेच्या सकाळी. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. ओहोटी झाली की किनाऱ्यावर हात, मुकुट, उंदराची शेपटी, सोंडेचा तुकडा असं काय काय परत आलेलं असतं. त्याच मुकादमाचा एक नियम होता. हे तुकडे फावड्यानं गोळा करायचे नाहीत, हातानं उचलायचे. काम दुप्पट वेळ घ्यायचं. मी एकदा त्याला म्हणालो, अहो, कामगार दमलेत, तीस तास झालेत. तो म्हणाला, "साहेब, काल ह्याच्यापुढं आपण हात जोडले. आज फावडं मारायचं?" मी पुन्हा तो विषय काढला नाही. मात्र त्या सकाळीच माझ्या मनात पक्कं झालं, की जी मूर्ती समुद्र घेऊ शकत नाही ती समुद्राला देणं म्हणजे विसर्जन नव्हे. शाडूची मूर्ती पाण्यात गेली की काही तासांत मातीची माती होते. तसं झालं तरच दिलेलं पोहोचलं म्हणायचं.

म्हणून कृत्रिम तलावांचा मी पहिल्यापासून कैवारी. सुरुवातीला आमच्या तलावाकडे कुणी फिरकायचं नाही. हौदात का देव बुडवायचा, असं म्हणून लोक पाठ फिरवायचे. एका वर्षी गुडघ्यांनी अधू झालेल्या एक आजी आल्या. समुद्रापर्यंत चालवत नव्हतं म्हणून नाइलाजानं तलावाशी थांबल्या. मूर्ती पाण्यात गेली, आणि रिकामा पाट छातीशी धरून त्या तशाच उभ्या. मी विचारलं, "आजी, काही राहिलं का?" त्या म्हणाल्या, "पाट रिकामा कसा नेऊ घरी? समुद्रावरून वाळू आणतो आम्ही पाटावर."

माझ्या घरी हेच करतात. मूर्ती गेली की त्या जागची मूठभर वाळू पाटावर ठेवून परत आणायची, घरी आल्यावर आरती करून ती घराच्या चारी कोपऱ्यांत टाकायची. इतकी वर्षं विसर्जन हे माझ्यासाठी न्यायचं काम होतं. लोक काहीतरी घेऊनही जातात हे मला दिसलंच नव्हतं. त्या वर्षापासून प्रत्येक तलावाशेजारी मी चौपाटीच्या वाळूचा एक ढीग ठेवायला लावला. कुठल्याही आदेशात तो नव्हता. तलावाकडे येणारे वाढले, त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण वाळूच्या ढिगाभोवती वाकलेली माणसं पाहिली की मला वाटायचं, आपल्याला एक कळ सापडली.

मधली काही वर्षं माझी बदली दादरकडे होती. तिथं वर्षातलं सगळ्यात मोठं काम ६ डिसेंबर. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, १९५६ मध्ये जिथं त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले त्या चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून रेल्वेनं, दोन-तीन दिवस आधीपासून. शिवाजी पार्कवर मंडप, पिण्याच्या पाण्याचे नळ, शौचालयं, रात्री झोपायला धूळ लागू नये अशी जमीन, हे सगळं आमच्याकडे. तो उत्सव नव्हे, अभिवादन आहे. ढोल नाही, गुलाल नाही, रांगेत पहाटेपासून उभी राहिलेली माणसं. आणि पार्कभोवती पुस्तकांचे स्टॉल. एका माउलीनं नळावर बाटली भरता भरता मला पिशवी उघडून दाखवली. भाकरी संपली होती, तिच्या जागी तीन पुस्तकं होती. "नातवाला," म्हणाली. मला एकदम पाटावरची वाळू आठवली. एवढ्या लांबून या शहराच्या किनाऱ्यावर यायचं, डोकं टेकवायचं आणि घरी काहीतरी घेऊन जायचं. मुंबईचं वर्ष आम्ही पालिकेतली माणसं कामाच्या यादीवरून ओळखतो. कुठं प्लेटा, कुठं नळ, कुठं दिवे. पण प्रत्येक यादीच्या खाली ही एकच ओळ असते, हे मला तिथं समजलं.

मग २०२० आलं. मी पुन्हा गिरगावात होतो. करोनामुळे सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरगुती दोन फुटांपर्यंत. लालबागच्या राजाच्या मंडळानं तर १९३४ पासूनची मूर्तीची परंपरा बाजूला ठेवून आरोग्योत्सव केला. चौपाटीवर भक्तांना पाण्याजवळ जायला बंदी. आरती घरीच करून यायचं, मूर्ती टेबलावर ठेवायची, मागे फिरायचं. समुद्रात नेणार आम्ही.

१ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. ना ढोल, ना गर्दी, इतकी शांतता की लाटा ऐकू येत होत्या. मास्क आणि हातमोजे घातलेली आमची माणसं टेबलाशी उभी. एक गृहस्थ मूर्ती ठेवून गेले आणि दहा पावलांवरून परत वळले. म्हणाले, "तीनदा बुडवा हं. आमच्याकडे तीनदा बुडवतात." दुसऱ्या बाईंनी दही-पोह्यांची शिदोरी मूर्तीच्या हाताशी नीट बांधून दिली आणि ती सुटू देऊ नका म्हणून बजावलं. एका लहान मुलानं विचारलं, "काका, तुम्ही 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणाल ना?" मी हो म्हणालो आणि त्या दिवशी जेवढ्या मूर्ती माझ्या हातातून गेल्या तेवढ्यांना ते म्हणालो. किती वेळा, ते मोजलं नाही. प्रत्येक मूर्ती तीनदा बुडवली. कोरडे पाट टेबलावर परत आले ते वाळू घेऊन. ती वाळू लोक मागायच्या आधीच आम्ही ठेवली होती.

रात्री साडेदहाच्या पुढे भरती पूर्ण आली. तक्त्यात होती, पाऊणपटीत होती, आणि किनाऱ्यावर कुणी नसतानाही आली. इतकी वर्षं मला वाटायचं की हा सोहळा आम्ही घडवतो. प्लेटा आमच्या, दिवे आमचे, बंदोबस्त आमचा. त्या रात्री जाणवलं, की समुद्र आपल्या वेळेला येतो, आणि माणसं आपली माया घेऊन येतात. आम्ही फक्त त्या दोघांची वेळ जुळवून देतो. त्याहून मोठं काम मला आयुष्यात मिळालं नाही आणि त्याहून मोठं मी मागितलंही नसतं.

आता मी निवृत्त आहे. २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयानं सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितल्या, तेव्हा त्या पौर्णिमेच्या सकाळचे मुकादमाचे हात मला आठवले. आमच्या घरची शाडूची मूर्ती आम्ही तलावात नेतो. पाटावरची वाळू आणायचं काम आठ वर्षांच्या नातीकडे.

त्या वर्षी ७ सप्टेंबरला, पौर्णिमेच्या सकाळी, तिला घेऊन मी चौपाटीवर गेलो. एका मोठ्या मंडळाची भव्य मूर्ती पोहोचली होती, पण पाणी वेगानं चढत होतं आणि मूर्ती तराफ्यावर चढत नव्हती. लाटा अंगावर घेत देव पाण्यातच थांबले होते. लोक हळहळत होते, कुणी चिडलेही होते. मी कुणाची चूक शोधत बसलो नाही. माझा २००४ चा ट्रक मला समोर दिसत होता.

नातीनं हात ओढून विचारलं, "आजोबा, बाप्पा का थांबलेत?"

"आज तिथी कोणती?"

"पौर्णिमा."

"म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट?"

तिनं बोटांवर मोजलं, चुकली, वाळूत काडीनं लिहून पुन्हा मोजलं. "सव्वाअकरा."

"तेव्हा पाणी पूर्ण वर. मग उतरायला सहा तास."

"सव्वापाच!" ती ओरडली, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी काकांना जाऊन सांगूनही आली, की बाप्पा सव्वापाचला तराफ्यावर चढणार, रडू नका.

संध्याकाळी ती मला पुन्हा चौपाटीवर घेऊन आली. पाणी उतरलं होतं. मूर्ती तराफ्यावर चढली, आणि अंधार पडल्यावर चढत्या भरतीबरोबर खोल पाण्याकडे निघाली. नातीनं हात जोडले, मग खाली वाकून मूठभर वाळू रुमालात बांधली. मी म्हटलं, आपला पाट तर कधीच भरून झालाय. ती म्हणाली, "सकाळचे ते काका आहेत ना, त्यांच्याकडे रुमाल नाहीये."